मान वळून अडकली ती औषधामुळे का?

नौपाड्याची ताई
नमस्कार. आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. माझ्या १९ वर्षांच्या भावाला उलट्यांसाठी जवळच्या दवाखान्यात मेटोक्लोप्रमाइडचे इंजेक्शन आणि गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची मान डावीकडे वळली, जबडा आवळला आणि डोळे छताकडे जाऊन तिथेच थांबले. तो पूर्ण शुद्धीत होता, आम्ही बोललेले त्याला कळत होते, पण जीभ वळत नव्हती. कोणी फिट म्हणाले, शेजारच्या काकू मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला आल्या. रुग्णालयात एक इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात मान सरळ झाली. कागदावर 'औषधजन्य डिस्टोनिया' लिहिले आहे. हा आजार त्याला आधीपासून होता का? पुन्हा होईल का?

वाशीची निवृत्त परिचारिका
ताई, वॉर्डात असे रुग्ण मी अनेकदा पाहिले आहेत. घरच्यांचे हातपाय गळतात, हे स्वाभाविक आहे. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या खोल भागाला डोपामिन या रसायनाची गरज असते. मेटोक्लोप्रमाइड डोपामिनला अडवूनच उलटी थांबवते, परंतु ते मेंदूतही शिरत असल्यामुळे काहींच्या बाबतीत हा ताबा सुटतो आणि परस्परविरुद्ध ओढणारे स्नायू एकाच वेळी आवळले जातात; यालाच डिस्टोनिया म्हणतात. उलटीवरचेच दुसरे औषध डॉम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही, म्हणून त्याने असे क्वचितच होते. हा त्रास तरुणांत अधिक दिसतो आणि बहुधा औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच होतो, त्यामुळे भावाला आधीपासून आजार होता असे यावरून ठरत नाही. तेच औषध पुन्हा दिले तर मात्र पुन्हा होऊ शकते. उलटीवरचे प्रोक्लोरपेराझिन आणि मनोविकारावरचे हॅलोपेरिडॉल यांचाही असाच परिणाम होतो. लेव्होसल्पिराइड तर आम्लपित्ताच्या कॅप्सूलमध्ये दुसऱ्या औषधाच्या जोडीला असते आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली मेटोक्लोप्रमाइड जास्तीत जास्त पाच दिवसच द्यावे असे सांगितले, ते अशाच दुष्परिणामांमुळे.

ऐरोलीकर
माझी मान कोणत्याही औषधाशिवाय वळते. हनुवटीला दोन बोटे टेकवली की ती काही क्षण सरळ राहते, आणि हीच खूण पाहून न्यूरोलॉजिस्टनी डिस्टोनिया ओळखला. त्याआधी तीन वर्षे मला 'टेन्शन घेऊ नका' एवढेच ऐकावे लागले, याचे दुःख आजही आहे. दर तीन महिन्यांनी आवळलेले स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने घेतो. जनुकीय दोष, जन्मावेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, पक्षाघात अशी इतर कारणेही असतात. औषधाचा संबंध नसताना तरुण वयात डिस्टोनिया झाला, तर शरीरात तांबे साठवणाऱ्या विल्सन आजाराची तपासणी अवश्य करावी, कारण त्यावर उपचार आहेत.

नेरूळची आई
एक विनंती. माझा मुलगा मानसिक आजारासाठी अशाच गटातील औषध घेतो. ही औषधे महिनोन्महिने घेतल्यावर उशिरानेही डिस्टोनिया होऊ शकतो, आणि तो औषध थांबवल्यावर लगेच जाईलच असे नाही. तरीही हे वाचून कोणी मनोविकाराच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलून देतात.

नौपाड्याची ताई
सर्वांचे मनापासून आभार. भावाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने औषधाचे नाव लिहिले. मग आईच्या आम्लपित्ताच्या कॅप्सूलची पट्टी उलटून पाहिली, तर पँटोप्रॅझोलच्या खाली बारीक अक्षरांत लेव्होसल्पिराइड छापलेले सापडले. ती पट्टी घेऊन उद्या सकाळी डॉक्टरांकडे जात आहे.