उत्तरच 'समजायचं', तर सोडवायचं काय?

एस.वाय. बीएस्सी, फिजिक्स. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचं डॅम्पिंगसकट (म्हणजे हालचाल मंदावणारा विरोध धरून) समीकरण मला मांडता येतं. पण मग सर फळ्यावर लिहितात, 'समजा, एक्स म्हणजे ई चा लॅम्डा-टी घात.' (एक्स म्हणजे वजनाची जागा, टी म्हणजे वेळ, लॅम्डा ही शोधायची स्थिर संख्या.) ही चीटिंग नाही का?

— नाही रे. या फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) घेतलं की तेच परत येतं, फक्त लॅम्डाने गुणून. दोनदा घेतलं की लॅम्डाचा वर्ग. सगळीकडून ई-घात काढून टाक, खाली उरतं दहावीचं वर्गसमीकरण! दोन स्वतंत्र उत्तरं मिळाली की काम झालं. बाकी सगळी त्यांच्याच मिश्रणातून येतात.

— या वर्गसमीकरणाची मूळं कॉम्प्लेक्स आली (वर्गमुळाखाली ऋण संख्या) तर घाबरू नकोस, त्यात साइन-कोसाइन दडलेत: वजन हेलकावे खात खात थांबतं. खरी गोची दोन्ही मूळं सारखी आली की. तेव्हा दुसरं उत्तर म्हणजे पहिल्यालाच टी ने गुणायचं. हे विसरून मी ५ मार्क घालवलेत.

म्हणजे लॅबच्या दारावरचा तो तेलाचा क्लोजर? न आपटता, न रेंगाळता लावतो तो?

— हो, साधारण तीच, सारख्या मुळांची केस: हेलकावे न खाता लवकरात लवकर थांबायचं. तेल गळालं की धाडकन.