'सो डू आय' की 'नायदर डू आय'? मदत हवी आहे

कोथरूडमध्ये मी नोकरदार प्रौढांसाठी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेतो. होकारार्थी विधानाला दुजोरा देताना 'सो', नकारार्थी विधानाला 'नायदर' किंवा 'नॉर', त्यानंतर साहाय्यक क्रियापद आणि शेवटी कर्ता, हा नियम सर्वांना समजला आहे. 'आय कॅन स्विम' याला 'सो कॅन आय' आणि 'आय डोन्ट ड्रिंक टी' याला 'नायदर डू आय' (पुण्यात असे म्हणणारा सापडणे अवघड, हा भाग वेगळा) ही उत्तरे आता न अडखळता येतात. मराठीत 'मीही' आणि 'मीही नाही' एवढ्यावर भागत असल्याने क्रियापद बदलण्याची सवय लागायला मात्र दोन आठवडे गेले.

अडचण 'हार्डली', 'सेल्डम' (क्वचितच) यांसारख्या शब्दांची आहे. परवा एका विद्यार्थिनीने 'आय हार्डली एव्हर टेक द बस' असे म्हणताच निम्म्या वर्गाने 'सो डू आय' म्हटले आणि उरलेल्यांनी 'नायदर डू आय'. वाक्यात 'नॉट' नाही, पण अर्थ नकाराकडे झुकतो आणि अशा वाक्याला पुच्छप्रश्नही (शेवटी जोडलेला छोटा प्रश्न) 'डू आय?' असा होकारार्थी लागतो, म्हणून मला 'नायदर' योग्य वाटते. शब्दकोशात अर्थ मिळाला, दुजोऱ्याचे उदाहरण मिळाले नाही. 'मी टू' आणि 'मी नायदर' ही अनौपचारिक उत्तरे ठाऊक आहेत. मला मुलाखतीत शोभेल असे पूर्ण रूप हवे आहे.

माझा हा तर्क बरोबर आहे का, आणि 'आय लाइक टी, बट आय डोन्ट लाइक कॉफी' अशा मिश्र विधानाला 'इट्स द सेम विथ मी' याखेरीज एका वाक्यात दुजोरा कसा देतात?