चर्चा : बहात्तरचा दुष्काळ मोठा की २०१६चा?

मांजराकाठ :
पाऊस जरा लांबला की घरातली जुनी माणसं ‘बहात्तरला आम्ही कसे दिवस काढले’ सुरू करतात. माझ्या मते २०१२ ते २०१६ मराठवाड्याला त्याहून वाईट गेली. बहात्तरला धान्य नव्हतं, पण आडाला पाणी होतं. २०१६ला रेशनवर गहू-तांदूळ होता आणि लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण ठणठणीत कोरडं. लातुरात मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत १० वॅगन, साधारण पाच लाख लिटर. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर. करा भागाकार.

आटपाडीचा म्हातारा :
आडाला पाणी होतं म्हणे! आमच्याकडे पोरांना दोर बांधून आडात सोडायचे, ती वाटीनं घागर भरायची. एक नाही, लागोपाठ तीन पावसाळे हुकले होते. मे १९७३मध्ये राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. आमची आई खडी फोडायची. ढीग ब्रासात (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मोजल्याशिवाय मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, पैसे पडत नसत, आणि मोजणाऱ्याची पट्टी कायम त्याच्याच बाजूनं झुकायची. वर वाटपाची सुकडी, म्हणजे पौष्टिक पीठ, आणि तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी, थापतानाच चिरायची. रेल्वेचं पाणी प्यालेल्यांनी आम्हाला दुष्काळ शिकवू नये.

मांजराकाठ :
काका, तुमचे हाल कोण नाकारतंय? पण बहात्तरनं निदान काही मागं ठेवलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ला तिचा कायदा झाला. पाझर तलाव झाले, नालाबांध झाले. आमच्या दुष्काळानं काय दिलं? टँकरवाल्यांचे बंगले.

कोरडवाहू :
दोघंही आभाळाकडे बघून भांडताय. १८७६-७८च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा काढला तो ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून. त्याच्या पाण्यावर पुढं काय उभं राहिलं? ऊस. मराठवाड्यात तोच कित्ता गिरवला. २०१६चा पाऊस वाईट होताच, पण धरण रिकामं व्हायला उसाचाही हात लागला. बहात्तरच्या माणसाकडं तेवढं पाणी उधळायची सोयच नव्हती, म्हणून मी २०१६ला जास्त दोषी धरतो. मोठा कुठला, ते तुम्ही ठरवा.

पाचटवाला :
आलं, फिरून उसावर आलं! दोन एकर ऊस आहे माझा, ठिबकवर. उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा सरकारनं ठरवलेला दर; कारखान्याची मोळी पडली, गाळप सुरू झालं की वर्षाचा हिशेब लागतो. ज्वारीचा हमीभाव कागदावर असतो, खरेदी कुठं होते ते दाखवा. २०१६ला तूर पेरा म्हणालात, पेरली, भरघोस आली, आणि २०१७ला खरेदी केंद्रावर बारदाना, म्हणजे पोती, संपला. ट्रॅक्टरच्या रांगा उन्हात उभ्या. शहरात बसून ऊस बंद करा म्हणायला काय जातं?

कोरडवाहू :
शहरात नाही, औसा तालुक्यात बसून म्हणतोय. ठिबकवाले तुम्ही थोडे. बाकीचे रात्री लाइट आली की मोटर सोडून झोपतात. आणि बारदान्याचा राग पाण्यावर काढून कसं चालेल?

आटपाडीचा म्हातारा :
बहात्तरला बोअरची गाडी गावात आली तेव्हा आम्ही नारळ फोडला होता. दोनशे फुटांच्या आत पाणी. आता नातू आठशे फूट खाली गेला, फुफाटा निघाला. जमिनीखालच्या पाण्याचं तेवढं मांजराकाठचं खरं आहे. बाकी मिलो खाऊन बघा, मग बोला.