टेस्ट राइडची बाईक घ्यावी का?

शोरूमवाला डेमो बाईक देतोय, २१०० किमी झालेत, नवीपेक्षा बरीच स्वस्त पडतेय पण मन धजावत नाहीये, कोणी घेतलीये का अशी?

— मी घेतलेली, तीन वर्षं झाली, मस्त चालतेय. फक्त क्लच प्लेट लवकर गेली, येणारा जाणारा हाफ क्लचवर ताणतो ना.

— वॉरंटी कधीपासून ते आधी विचार, बहुतेकदा पहिल्या नोंदणीपासूनच मोजतात म्हणजे तुझे काही महिने गेलेच, आणि कागदावर तू दुसरा मालक असशील तर विकताना भाव पडणार, ते धरून घासाघीस कर.

— क्लच-ब्रेकच्या लिव्हरची टोकं आणि फूटपेगची (पाय ठेवायच्या दांडीची) खालची बाजू बघ, खरचटलं असेल तर पडलीये. टाकी काय, पॉलिश मारून चमकवतात. इंजिन गार असतानाच स्टार्ट करून बघ.

— आत्ताच बघून आलो, डावा लिव्हर नवाकोरा, उजवा जुना 😄 विचारलं तर सेल्समन नुसता हसला.