एल्कच्या शिकारीला पायी किती आत शिरावं? माझं मत: ५ किलोमीटर, पुढे नाही

घाटपायथा: मी आणि मावसभाऊ डेन्व्हरला असतो. ऑक्टोबरअखेर कोलोरॅडोतल्या वेमिनुच विल्डरनेसमध्ये (कायद्यानं राखलेलं रान) तंबू पाठीवर टाकून एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जायचं चाललंय. तो म्हणतो, गाडी सोडून १२ किलोमीटर आत जाऊ. मी ५ वर अडून बसलोय.

माझा हिशोब मांसापासून सुरू होतो. मोठा नर ३०० किलोच्या घरात भरतो. हाडं सोडवली तरी १०० किलो मांस धरा. २५ किलोची चार ओझी, शिवाय तंबू आणि सामान. म्हणजे दोघांना तीन-तीन खेपा. १२ किलोमीटरवर जनावर पडलं तर तीनदा ओझं घेऊन बाहेर आणि दोनदा रिकामं आत, अशी प्रत्येकी ६० किलोमीटर चाल, तीही ३,३०० मीटर उंचीवर. ५ वर पडलं तर २५. विल्डरनेसमध्ये १९६४ च्या कायद्यामुळे चाकं बंद, साधी हातगाडीसुद्धा नेता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही लांब गेलो होतो. दिवसा ऊन होतं, शेवटची खेप दुसऱ्या दिवसावर गेली. घरी मागच्या मांडीत सुरी घातली, हाडाशी पोचली आणि आंबूस वास आला. अख्खी मांडी टाकावी लागली. ते अजून डोक्यातून जात नाही.

रानवाट: साफ असहमत. ५ किलोमीटरपर्यंत सगळेच जातात. पहिल्या सकाळी चार बार झाले की कळप पार पलीकडच्या खोऱ्यात. जनावरच नाही तिथं मांसाचा हिशोब कशाला? लांब जा, पण खेचरवाल्याशी आधीच बोली करून ठेवा. खेचरांना तिथं मनाई नाही.

कातळकडा: दोघंही किलोमीटरच मोजताय. नकाशावरच्या उंचीच्या रेषा बघा. हुसकलेला कळप उत्तर उताराच्या गर्द झाडीत दडतो, कधीकधी रस्त्यापासून जेमतेम २ किलोमीटरवर, पण ४०० मीटर खाली. तिथं मारलंत तर प्रत्येक ओझं चढावर. तळ खाली ठेवा, शिकार वर करा. पहाटे थंड हवा उताराने खाली येते, त्यामुळे खालून चढताना तुमचा वास त्यांना लागत नाही. आणि ओझं उताराला.

माळरान: मला मुळात मारणंच पटत नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, ते बरंच झालं. पोट भरायला दुकानं असताना जीव का घ्यायचा?

घाटपायथा: @माळरान, आपल्याकडची बंदी मलाही योग्यच वाटते. इथं परवान्याशिवाय मारता येत नाही आणि खाण्याजोगं मांस वाया घालवणं गुन्हा आहे. आमच्या घरी वर्षभर तेच शिजतं. म्हणून तर ती मांडी एवढी लागली.

@कातळकडा, तळ खाली ठेवायचं पटलं, तसंच करतो.

@रानवाट, बर्फ पडला आणि खेचरवाला पोचलाच नाही, तर ओझं कुणाच्या पाठीवर?

रानवाट: मान्य. पण चार दिवस फिरून ५ किलोमीटरच्या आत ताजी लीदसुद्धा दिसली नाही, तर?

घाटपायथा: तर रिकाम्या हातानं परत येऊ. भावाला हेच अजून पटवायचंय.