मदत हवी आहे: जिप्सीच्या टर्बो मॅनिफोल्डला पाइप कोणता घ्यावा? काळा सीमलेस (बिनजोडाचा साध्या स्टीलचा), की ३०४ किंवा ३२१ स्टेनलेस?

मंडळी, नमस्कार. मी कोल्हापूरचा. मित्राची १.३ लिटरची जुनी जिप्सी आहे, जी१३बीबी इंजिनाची. ती रस्त्यावर आणत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असले बदल बसत नाहीत, म्हणून ट्रेलरवर टाकून थेट चिखलाच्या ट्रॅकवर नेतो. तिला छोटा टर्बो (एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवायचाय. टर्बो आला, फ्लँजचं (इंजिनाला बोल्टने आवळायच्या प्लेटचं) ड्रॉइंग झालं, टिग वेल्डिंगवाला चांगला मिळाला. घोडं अडलंय ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतला जळका वायू गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या नळ्यांच्या, पाइपवर.

उद्यमनगरात विचारलं तर सगळे म्हणतात, काळा सीमलेस घ्या. ए१०६ ग्रेड बी, शेड्यूल (भिंतीच्या जाडीचा क्रमांक) ४०, सव्वा इंचीला ३.५६ मिमी भिंत. बॉयलरच्या कामाचा असल्यामुळे बेंड तयार मिळतात आणि वेल्डिंगला नखरे नाहीत. पण साधं स्टील साडेपाचशे अंशांच्या पुढे झपाट्याने ऑक्सिडाइज होतं, आणि बूस्टवर (टर्बोच्या दाबावर) असलेल्या पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्डमधला वायू ८५०-९०० अंशांच्या घरात असतो. आतून सुटलेली खपली थेट टर्बाइनच्या पात्यांवर जाणार. मला खरी भीती तिची आहे.

३०४ स्टेनलेसमध्ये शेड्यूल १० घ्यायचा विचार आहे, भिंत २.७७ मिमी. खपलीचा प्रश्न बराचसा सुटतो, पण प्रसरणाचा वाढतो. तापमान ७०० अंशांनी चढलं तर ३०० मिमीचा ३०४ चा रनर (एका सिलिंडरची नळी) जवळपास ४ मिमी लांबतो, साध्या स्टीलचा ३ मिमीच्या आसपास. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आणि आतून पाण्याने थंड राहणारं, फ्लँज त्याला आवळलेला. मग ही वाढ जाणार कुठे? वेल्डच्या कडेलाच चीर पडणार ना? शिवाय ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात ३०४ मधलं क्रोमियम कार्बनशी जुळून धातूच्या कणांच्या सीमेवर जमतं, तिथे धातू कमजोर होतो, आणि आपला मॅनिफोल्ड तर बराच वेळ त्याच पट्ट्यात राहणार. ३२१ मध्ये टायटॅनियम असल्यामुळे कार्बन त्याच्याशी बांधला जातो आणि ही कटकट टळते. पण आमच्याकडे ३२१ चे लहान बेंड कुणाकडेच नाहीत.

तर ३२१ साठी मुंबई गाठण्याइतका फरक पडतो का? आणि पाइप सव्वा इंची घ्यावा की दीड इंची? ज्यांनी स्वतः बनवून चालवलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मित्राने पै पै जमवून ही गाडी उभी केलीय, मॅनिफोल्ड एका हंगामात फाटायला नको.

भोसरीचा फिटर:
सव्वा इंची, शेड्यूल १०, ३०४. डोळे मिटून घ्या. त्याचा आतला व्यास ३६.६ मिमी, दीड इंचीचा ४२.८. एका सिलिंडरला सव्वातीनशे सीसी असताना दीड इंची पाइपात वायूचा वेग पडतो आणि टर्बो उशिरा जागा होतो.

३२१ चा खरा फायदा पातळ भिंतीला. दीड-पावणेदोन मिमीच्या नळीत मॅनिफोल्ड करायचा असेल तर ३२१ किंवा ३४७ (तसंच दुसरं स्टेनलेस) शिवाय जाऊ नका. रेसिंगवाले वजनासाठी तसं करतात, आणि फॉर्म्युला वनमध्ये त्याहीपुढे जाऊन इनकोनेल (निकेलचा मिश्रधातू) वापरतात. तुमच्या जिप्सीला मीटरमागे एक किलो जास्त गेला तर काही बिघडत नाही. जाड भिंत तुमच्या बाजूने आहे.

एकच सांगतो, टर्बो मॅनिफोल्डवर लोंबकळत ठेवू नका. इंजिन ब्लॉकवरून एक ब्रॅकेट द्या, टोकाला सरकायला जागा ठेवून. मी पाहिलेल्या चिरा बहुतेक वजनाने आणि थरथरीने पडलेल्या होत्या. लोक दोष पाइपाला देतात.

गिरगावातला व्यापारी:
३२१ चा सरळ पाइप मुंबईत सी. पी. टँक, खेतवाडी भागात विचारल्यावर मिळेल, बेंड मात्र शोधावे लागतील. त्यापेक्षा ३०४ घेताना फसू नका. रेलिंगचा चकचकीत पाइप पुष्कळदा २०२ (हलक्या प्रतीचं स्टेनलेस) असतो, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. चुंबक दोघांनाही चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा निरुपयोगी. थेंब टाकून बॅटरी लावायची किट मिळते, २०२ वर थेंब लालसर होतो. पाइपावरचा हीट नंबर (वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक) आणि मिलचं सर्टिफिकेट जुळवून बघा. आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत गेला की ताप भरतो.

भोसरीचा फिटर:
हे वर राहिलं. ३०४ ला वेल्डिंगचा ३०८एल रॉड, ३२१ घेतलात तर ३४७. फ्लँज माइल्ड स्टीलचा असेल तर त्या जोडाला ३०९एल. आणि पाइपाच्या आतून आर्गॉन सोडल्याशिवाय टॉर्च पेटवू देऊ नका. आत हवा राहिली तर वेल्डची मागची बाजू जळून दाणेदार होते, आणि ते दाणे सुटले तर तुम्ही खपलीबद्दल लिहिलंय तेच होणार. नुसती बाहेरची शिवण सुंदर दिसते म्हणून काम पास करू नका, बेंडमध्ये आरसा घालून बघा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. सव्वा इंची ३०४ शेड्यूल १० नक्की केला, बेंड लाँग रेडियसचे (मोठ्या वळणाचे). रनर शक्य तितके आखूड ठेवतो, सगळे समान लांबीचे असण्याचा हट्ट सोडतो. फ्लँज तीन सुती (३/८ इंची) प्लेटचा आहे. तो पोर्टांच्या (हेडमधल्या एक्झॉस्टच्या तोंडांच्या) मध्ये कापावा का? प्रसरणासाठी कापतात असं ऐकलंय.

भोसरीचा फिटर:
कापा, पण सगळं वेल्डिंग संपल्यावर. आधी फ्लँज अखंड ठेवून जाड प्लेटच्या जिगला (काम धरून ठेवणाऱ्या साच्याला) आवळा, एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सलग न जाता आलटून पालटून टाके मारा, आणि पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट सोडू नका. मग तोंड सपाट करून घ्या आणि शेवटी कापा. मधल्या स्टडची भोकं मापात ठेवा, कडेची थोडी लांबट करा, म्हणजे वाढ दोन्ही बाजूंना जाईल.