नाकाचं ऑपरेशन: लग्नाआधी चार महिने पुरतील का?

मृण्मयी: नाकाच्या दांड्यावर उंचवटा आहे, आतला पडदाही वाकडा. सर्जन म्हणतात दोन्ही एकदम करू. लग्न चार महिन्यांवर आलंय. सूज उतरेल ना? घरी अजून बोलले नाहीये.

निशिगंध: मी दोन वर्षांपूर्वी केलं. दुखणं फार नव्हतं, पण वैताग! आठवडाभर नाकावर स्प्लिंट (नाक हलू नये म्हणून बाहेरून लावलेला कडक आधार), तोंडाने श्वास, घशाला कोरड. दोन उशा घेऊन उताणं झोपायचं. डोळ्यांखाली वांग्याच्या सालीसारखे डाग, ते दोन आठवड्यांत गेले. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. चष्म्याचं वजन चालत नाही म्हणून महिनाभर तो कपाळाला टेपने चिकटवला होता. ऑफिसात काय हसले लोक! चार महिन्यांत बरीच सूज उतरते, पण शेंड्याची जायला माझं वर्ष गेलं. वरच्या हिरड्याही काही आठवडे बधिर होत्या.

आप्पा: माझ्या पुतणीला याच ऑपरेशननंतर श्वास कोंडायला लागला. दुरुस्तीसाठी वर्षभर थांबायला सांगितलं, कारण सूज असताना आकार कळतच नाही. पडद्याला भोक पडणं, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हेही धोके आधीच विचार. सिगारेट असेल तर बंद. ॲस्पिरिन घेत असलीस तर डॉक्टरांना सांग.

निशिगंध: आणि नथ? चापाची नथ नेमकी नाकपुडीवर दाबते. ती कधीपासून चालेल ते सर्जनलाच विचार.

मृण्मयी: नथीचं डोक्यातच नव्हतं! लग्नानंतरच करते मग. आज आईशी बोलते.